पऱ्हाटीचा दिवस
यवतमाळ-वर्धा पट्ट्यात कपाशीची शेवटची वेचणी झाली की लहान शेतकऱ्याचं एक मोठं काम उरतं, ते उभ्या पऱ्हाटीचं, म्हणजे कपाशीच्या वाळक्या झाडांचं. सकाळी ट्रॅक्टरला श्रेडर जोडायचा, ग्रीस भरायचं आणि ट्रॅक्टरची ताकद श्रेडरला देणाऱ्या पीटीओच्या दांड्यावरचं झाकण आधी तपासायचं. मिनिटाला 540 फेरे घेणारा तो दांडा धोतराचा सोगा क्षणात ओढून घेतो. मग पऱ्हाटीचा भुगा होतो, रोटाव्हेटर तो मातीत मिसळतो. बांधावर रचलेली पऱ्हाटी चुलीला कामी येते, हे खरंच. पण तिच्यावरच्या किडक्या बोंडांत गुलाबी बोंडअळी सुप्तावस्थेत टिकते आणि पुढच्या हंगामात तिचेच पतंग नव्या कपाशीवर अंडी घालतात. ट्रॅक्टर भाड्याचा असेल तर दोघा-तिघा शेजाऱ्यांनी मिळून बोलवावा, पण पऱ्हाटी पावसाळ्यापर्यंत बांधावर ठेवू नये.