आपल्या दारचा रस्ता

आमच्या गल्लीला नाव नाही. पोस्टमन तिला 'मारुतीच्या देवळामागची' म्हणतो, रिक्षावाले 'खड्ड्यांची' म्हणतात. दुसरे नाव पाहुण्यांना चटकन सापडते, म्हणून आम्हीही तेच सांगतो. मुंबईच्या उपनगरातली ही गल्ली लांबीने जेमतेम दीडशे पावलांची. दोन्ही अंगांना मिळून पाच इमारती. गेल्या वर्षीच्या पावसाळ्यात या गल्लीत एक शाळकरी मुलगा सायकलवरून पडला आणि त्याचा हात मोडला. मग आम्ही सारे जागे झालो. अर्ज लिहिला गेला, पाचही इमारतींच्या सह्या झाल्या, आणि महिनाभराने उत्तर आले की, ही गल्ली सार्वजनिक नसून खाजगी आहे. सबब तिची दुरुस्ती तुमची तुम्ही करावी.

एका रविवारी सकाळी गच्चीवर सभा भरली. सभेचा विषय एकच, खर्च वाटायचा कसा? तोंडाशी असलेल्या इमारतीचे म्हणणे असे की, आमचे फाटक मोठ्या रस्त्यावर. आम्हाला तुमच्या गल्लीशी कर्तव्य काय? टोकाच्या इमारतीचे म्हणणे, आम्ही सबंध गल्ली चालतो हे खरे, पण पायांनी चालतो. खड्डे पाडतात त्या मधल्या इमारतीतल्या मोटारी! मोटारवाले म्हणाले, मोटारीचा कर आम्ही वेगळा भरतो. निवृत्त झालेल्या एका हिशेबनीसांनी दर चौरस फुटाला किती, याचे कोष्टकच मांडले. त्यात त्यांचा स्वतःचा वाटा सर्वांत कमी निघाला, हा केवळ योगायोग!

शेवटी मी उठलो. म्हणालो, "मंडळी, आपण घरपट्टी भरतो, पाणीपट्टी भरतो. मग ही तिसरी पट्टी कसली? शहराने रस्ता करावा, आपण चालावे, इतका साधा हा व्यवहार आहे." मराठी शिकवण्यात वीस वर्षे गेल्यामुळे वाक्य ठसक्यात पडले. टाळ्याही पडल्या. सभा चहा पिऊन उठली आणि खड्डे होते तिथेच राहिले.

त्या टाळ्यांचा पुढे मला फार संकोच वाटला. त्याला कारण झाले तानसा.

डिसेंबरात आमच्या कॉलेजच्या राष्ट्रीय सेवा योजनेचे शिबिर शहापूर तालुक्यात, तानसा तलावाच्या बाजूच्या एका पाड्यावर होते. मुलांबरोबर एक प्राध्यापक लागतो; तो मान माझ्याकडे आला. आटगाव स्टेशनावर उतरून आम्ही पुढे गेलो. काम असे की, पाड्यापासून डांबरी रस्त्यापर्यंतची पायवाट मुरूम-दगड घालून बैलगाडीजोगी करायची. पावसाळ्यात आजारी माणसाला झोळीत घालून नेताना त्या वाटेवर पाय घसरतात, हे आम्हाला आधीच सांगितले होते.

आमची मुले उत्साहाने घमेली उचलत होती. पण खरे काम करीत होती ती पाड्यावरची माणसे. घरटी एक माणूस, असा तिथला हिशेब. ज्या घरात धडधाकट माणूस नाही, तिथली म्हातारी कामकऱ्यांना पाणी आणून देई. एका घरून भाकऱ्या आल्या. कोणी किती दगड उचलले याचा जमाखर्च कुणी ठेवला नाही. तरी आपला वाटा चुकवलेले घर मला दिसले नाही. 'गाव करी ते राव न करी' ही म्हण वर्गात मी अनेकदा समजावून सांगितली आहे. ती घमेले घेऊन चालताना प्रथमच पाहिली.

दुपारी सावलीत बसलो असताना एका आजोबांनी विचारले, "मास्तर, तुमच्या गल्लीचा रस्ता कोनी केला?"

मी म्हटले, "अजून व्हायचा आहे. वर्गणीवरून वाद चाललाय."

आजोबा क्षणभर गप्प राहिले. मग तलावाच्या दिशेने हात करून म्हणाले, "पानी तं इथूनच जातं ना तिकडं?"

टोमणा नव्हता तो. साधी चौकशी होती. म्हणूनच तो जिव्हारी लागला.

संध्याकाळी आम्ही धरणावर गेलो. जवळजवळ पावणेदोन मैल लांबीची ती दगडी भिंत १८९२ साली पुरी झाली. तेव्हापासून तानसाचे पाणी मोठमोठ्या नळांतून मुंबईला जात आहे. पुढे वैतरणा आली, भातसा आली. तरी 'तानसा' हा शब्द जुन्या मुंबईकराच्या जिभेवर अजून पाण्याचा प्रतिशब्द म्हणून आहे. नळ आला तिथे चाळ उठली, चाळीच्या जागी इमारत उठली, आणि माळरानाच्या किमतीला सोन्याचे मोल आले. पाण्याची पट्टी घरमालकांनी भरली. पण पाण्यामुळे जमिनीची जी किंमत चढली, ती ज्याच्या त्याच्या खिशात राहिली. आणि ज्या तालुक्यात तानसा व भातसा हे दोन्ही जलाशय आहेत, त्याच शहापूर तालुक्यातल्या कित्येक पाड्यांवर उन्हाळ्यात बायका हंडे घेऊन टँकरची वाट पाहतात.

शिबिराहून परतल्यावर मी जुने कायदे धुंडाळू लागलो. मराठीच्या माणसाने कायद्याच्या पुस्तकात शिरणे हे पोहता न येणाऱ्याने तानसात उतरण्यासारखेच. पण काठाकाठाने का होईना, जे हाती लागले ते वाचकांना सांगितलेच पाहिजे.

पहिली गोष्ट ही की, सभेतले माझे ठसकेबाज वाक्य साफ चुकीचे होते. मुंबई महानगरपालिकेचा कायदा १८८८ सालचा. खाजगी रस्ता सपाट, फरसबंद, गटारे आणि दिवे असलेला नसेल, तर त्या रस्त्याला लागून ज्यांच्या मिळकती आहेत त्या मालकांना ते काम करण्याची नोटीस आयुक्त देऊ शकतात, असे त्यात आहे. रस्ता नीट झाल्यावर मालकांच्या मागणीवरून तो सार्वजनिक म्हणून जाहीर होऊ शकतो. म्हणजे आधी मालकांनी आपल्या दारचा रस्ता नीट करावा, मग शहराने तो सांभाळावा, अशी ही वाटणी.

दुसरी गोष्ट अधिक मोलाची. १८९६ साली मुंबईत प्लेग आला. दाट, कोंदट वस्त्यांतून त्याने माणसे पटापट उचलली. त्यानंतर १८९८ साली 'सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट' स्थापन झाला. प्रिन्सेस स्ट्रीट, सँडहर्स्ट रोड, आज ज्याला मोहम्मद अली रोड म्हणतात तो रस्ता, दादर-माटुंग्याच्या आखीव वसाहती, ही त्या ट्रस्टची कामे. जुनी घरे व जमिनी घ्यायच्या, रुंद रस्ता काढायचा आणि रस्त्यामुळे किमती चढलेले भूखंड भाडेपट्ट्याने देऊन खर्च भरून काढायचा, अशी रीत. युक्ती चांगली होती. पण जमीन सक्तीने घेण्याचे पैसे आधी उभे करावे लागत आणि मालक कोर्टात जात. शिवाय पाडलेल्या चाळीतला भाडेकरू कुठे गेला, या प्रश्नाचे उत्तर ट्रस्टला कधीच नीटसे देता आले नाही. १९३३ साली ट्रस्ट महापालिकेत विलीन झाला.

तेवढ्यात दुसरी वाट निघाली होती. जर्मनीतल्या फ्रँकफुर्ट शहरासाठी १९०२ साली एक कायदा झाला. त्यात कुणाची जमीन विकत घ्यायची नाही. सगळ्यांच्या वेड्यावाकड्या जमिनी कागदावर एकत्र करायच्या, त्यांतून रस्ते, बागा काढायच्या आणि उरलेली जमीन नीट चौकोनी भूखंड करून ज्याची त्याला परत द्यायची. क्षेत्र घटते, पण दाराशी रस्ता येतो आणि किंमत वाढते. आपल्या मुंबई इलाख्यात १९१५ साली नगररचनेचा कायदा झाला तो याच धर्तीवर. वांद्रे, सांताक्रूझ, विलेपार्ले येथल्या अनेक रस्त्यांचा जन्म अशा योजनांतून झाला. तिथल्या सरळ रस्त्यांवरून सकाळी फिरायला जाणाऱ्यांना आपण आजोबांच्या शेजाऱ्यांनी सोडलेल्या जमिनीवरून चालतो आहोत, याची कल्पनाही नसेल.

या कायद्यातले एक कलम मला फार शहाणपणाचे वाटले. योजनेआधी जमिनीची किंमत काय होती आणि योजनेनंतर काय झाली, यातली वाढ काढायची आणि खर्चासाठी मालकाकडून वाटा घ्यायचा, तो त्या वाढीच्या निम्म्यापेक्षा अधिक नाही. १९६६ च्या महाराष्ट्राच्या नगररचना कायद्यातही हे तत्त्व आहे, आणि ती रक्कम हप्त्यांनी भरण्याची सोयही आहे. म्हणजे शहर मालकाला म्हणते, 'तुझ्या मूळच्या जमिनीला मी हात लावीत नाही. माझ्या रस्त्यामुळे जे तुला मिळाले, त्यातले निम्मे तू ठेव.' माझ्या मते याहून सभ्य कर शोधून सापडणार नाही.

मग हे सगळीकडे का झाले नाही? एक तर या योजना पुऱ्या व्हायला दशके लागली. किमती ठरल्या जुन्या काळच्या आणि वसुली आली नव्या काळात. त्यामुळे मालकाचा वाटा रस्त्याच्या खर्चापुढे क्षुल्लक ठरला. पुढे मुंबईने हा मार्गच मागे टाकला. १९९१ च्या नियमांनी रस्त्यासाठी जमीन देणाऱ्याला पैशाऐवजी बांधकामाचा हक्क मिळू लागला. म्हणजे जमिनीची किंमत हवेत चुकती होऊ लागली! रस्ता तेवढाच आणि इमारती मात्र दुप्पट उंच, हे चित्र त्यातूनही आले. शेजारी गुजरातने मात्र जुनी वाट सोडली नाही. अहमदाबादेत अशा योजनांतून आजही रस्ते निघतात. आता पनवेलजवळ 'नैना' क्षेत्रात सिडकोनेही तीच वाट धरली आहे. तिथे मालकाला चाळीस टक्के जमीन परत मिळते, आणि 'साठ टक्के फार झाले' अशी शेतकऱ्यांची तक्रारही आहे.

परदेशात तर दुकानदारांनीही हे केले. कॅनडातल्या टोरांटो शहरी ब्लूर वेस्ट नावाच्या पेठेतले गिऱ्हाईक ओसरू लागले, तेव्हा १९७० साली तिथल्या व्यापाऱ्यांनी आपण होऊन जादा पट्टी लावून घेतली. ती शहराने गोळा करायची आणि त्याच पेठेच्या दिव्याझाडांवर खर्च करायची. ती कल्पना मग जगभर गेली.

या साऱ्यात एक खोच आहे, ती लपवू नये. किंमत वाढते ती कागदावर. घर विकले तरच ती हातात येते. आमच्या गल्लीत तळमजल्यावर एक आजी एकट्या राहतात. निवृत्तिवेतनावर त्यांचे चालते. त्यांची खोली आज लाखांची आहे. पण लाखांच्या खोलीत राहून त्या पावशेर भाजी मोजून घेतात. पहिल्या सभेत त्या कोपऱ्यात बसून होत्या आणि सगळे ऐकून न बोलता खाली गेल्या होत्या. भाडेकरूंचेही तसेच. किंमत चढते मालकाची आणि वर्गणी मागायची भाडेकरूकडे, हा कुठला न्याय?

जानेवारीत पुन्हा सभा भरली. मी आधी माझे वाक्य परत घेतले. टाळ्या पडल्या नाहीत. मग तीन गोष्टी सुचवल्या. भाडेकरूंकडून काही घेऊ नये, मालकांनीच द्यावे. निम्मा खर्च घराच्या क्षेत्रफळावर आणि निम्मा घरटी सारखा वाटावा. आणि ज्याला एकदम जमत नाही त्याने हप्त्यांनी द्यावे, किती हप्ते ते कुणी विचारू नये. तोंडाच्या इमारतीने बरीच कुरकुर केली. पण गल्ली सुधारली तर त्यांच्या मागच्या बाजूच्या दुकानांचे भाडे चढेल, हे हिशेबनीसांनी त्यांच्या कानात सांगितले, आणि तेही वळले. आजी पहिल्यांदाच बोलल्या. म्हणाल्या, "माझे हप्ते जरा जास्त होतील हो. पण मला वगळू नका. माझ्याही दारातून जातो ना रस्ता?" मला पाड्यावरची पाणी देणारी म्हातारी आठवली.

पैसे जमायला ऑक्टोबर उजाडला. एका घराचे अजून आलेले नाहीत. ते कुणाचे हे मी सांगणार नाही, कारण ते गृहस्थ हा अंक नेमाने वाचतात. काम दिवाळीनंतर सुरू होईल. पूर्ण झाले की रस्ता सार्वजनिक करून घ्यावा म्हणून अर्ज करायचा आहे. या वर्षी मात्र पणत्या खड्ड्यांच्या कडेनेच लावल्या आहेत. निदान पाहुण्यांना खड्डा दिसावा!

आमच्या गल्लीचा हिशेब असा एकदाचा लागला. तानसाचा मात्र राहिला आहे. शहाणा कायदा असे मानतो की, सुधारणेने ज्याचे भले झाले त्याने खर्चात वाटा द्यावा. पण हा वाटा योजनेच्या नकाशात ज्याची मिळकत आहे त्याच्यापाशी थांबतो. सव्वाशे वर्षांहून अधिक काळ ज्यांच्या डोंगरांतले पाणी आमच्या जमिनींचा भाव चढवीत आले, ते पाडे त्या नकाशाच्या बाहेर पडले आहेत. त्यांच्या वाटेचा मुरूम त्यांनी स्वतःच वाहिला. त्यात आमच्या मुलांची चार घमेली पडली, एवढेच.

यंदा डिसेंबरात शिबिर पुन्हा त्याच पाड्यावर आहे. आजोबा गल्लीची चौकशी करतील, यात मला शंका नाही. त्यांना सांगता येईल की, रस्त्याचे काम लागले. पाण्याविषयी विचारले तर काय सांगावे, हे अजून सुचलेले नाही.