ऊस तोडतो कोण, जेवतो कोण?



दिवाळी झाली की मुकादमाची उचल अंगावर घेऊन आपल्या पाड्यांवरची जोडपी ऊसतोडीला निघतात. यंदा काही टोळ्या वारणानगरच्या भागात उतरल्यात. तिथला ऊस हिरवागार, कारण वर चांदोलीला धरण आहे. ३४ टीएमसी पाणी साठतं त्यात. त्याच पाण्याखाली डोंगरातल्या माणसांची घरं आणि भाताची खाचरं गेली. अभयारण्यासाठी आणखी गावं उठवली. आता त्या पाण्यावरचा ऊस तोडायला माणसं येतात ती पुन्हा जमीन नसलेली, नाहीतर जमीन असून पट्टा नसलेली.

जगभर साखर अशीच पिकली आहे. वेस्ट इंडीजच्या बेटांवर आफ्रिकेतून धरून आणलेल्या काळ्या माणसांना गुलाम करून ऊस लावला. १८३४ साली इंग्रजांना आपल्या वसाहतींतली गुलामी बंद करावी लागली. मग मळ्यांवर राबणार कोण? छोटा नागपूरच्या आदिवासींना कराराच्या कागदावर अंगठा घेऊन मॉरिशस आणि गयानाला जहाजानं नेलं. कागदोपत्री त्यांचं नाव 'हिल कुली', म्हणजे डोंगरातले हमाल. दक्षिण आफ्रिकेत तर १९१३ साली कायदाच केला आणि बहुसंख्य काळ्यांसाठी देशातली जेमतेम सात टक्के जमीन ठेवली. बाकीच्यांनी पोटासाठी गोऱ्यांच्या खाणीत आणि शेतावर जायचं.

कुठे रंग बघितला, कुठे जात, कुठे जमात. जमीन काढून घेतली की भूक मागोमाग येतेच. १९९२ साली जव्हार-मोखाड्यात वावर-वांगणीची लेकरं कुपोषणानं दगावली, तेव्हा मुंबईच्या बाजारात धान्याला तोटा नव्हता. रेशन आपल्या हक्काचं आहे, ते सोडायचं नाही. पण नाचणी-वरी, कंद, रानभाजी, खेकडे कुणाच्या दुकानातून येत नाहीत. त्याला जमीन आणि जंगल हातात पाहिजे.

२००६ च्या वनहक्क कायद्यात ती वाट आहे. १३ डिसेंबर २००५ च्या आधीपासून कसत असलेली जमीन, चार हेक्टरपर्यंत, नवरा-बायको दोघांच्या नावानं मिळते. जंगलावर गावाचा सामूहिक हक्क मिळतो. दाव्याचा निकाल लागेपर्यंत कुणाला उठवता येत नाही. पण ग्रामसभेला निम्मे सभासद हजर लागतात, हजर असलेल्यांत एक तृतीयांश बाया लागतात, आणि दाव्यांचा ठराव करायचा तर निम्मे दावेदार बसलेले लागतात. अर्धा पाडा फडावर असेल तर ठराव कसा व्हायचा? उसासोबत आपली ग्रामसभाही तोडली जाते ती अशी.

तेव्हा गाळप संपून माणसं घरी आली की पहिल्याच आठवड्यात पाड्यापाड्यात ग्रामसभा बसवा. म्हाताऱ्या माणसांचे जबाब लिहून घ्या. दावा दिला की पोच घ्या, तोंडी भरवशावर राहू नका. आणि पुढची उचल घेण्याआधी घरात एकदा विचारा, दावा दिला का?

जमीन आपल्या नावावर, तर ताट आपल्या हातात. जिंदाबाद!