नाताळ प्रभूचा आहे, पुढाऱ्यांचा नाही

नाताळच्या उपासनेत पुढाऱ्यांचे सत्कार करणं बंद झालं पाहिजे. यंदापासून, आणि अपवाद न करता. मी सिन्नरचा ख्रिस्ती माणूस आहे, जन्मापासून मंडळीत वाढलो आहे, आणि हे मी आपल्याच लोकांना सांगतो आहे. बाजाराने नाताळातून ख्रिस्ताला हाकललं, शाळांनी हाकललं, टीव्हीने हाकललं, अशी रड दर डिसेंबरात आपल्याकडे ऐकू येते. बाजाराने येशूवर विश्वास ठेवल्याचं कधी कबूल केलं होतं का? कबूल आपण केलं आहे. बाप्तिस्मा आपला झाला आहे. आणि त्याला त्याच्याच जन्मदिवशी, त्याच्याच मंदिरात, एका बाजूला उभं करण्याचं पाप आपल्याच हातून होतं आहे.

काय होतं ते एकदा नीट सांगतो. ठिकाण सांगत नाही, कारण एकट्या त्या मंडळीचा दोष नाही. २५ डिसेंबरची सकाळ. संडे स्कूलच्या मुलांची नाटिका चालू होती. मरीया झालेली मुलगी टॉवेलात गुंडाळलेली बाहुली छातीशी धरून उभी होती. मेंढपाळ झालेल्या पोरांनी डोक्याला वडिलांचे गमछे बांधले होते. देवदूत बोलायला पुढे आला, तेवढ्यात बाहेर गाड्यांची दारं वाजली. सूत्रसंचालकाने त्याच्या तोंडासमोरचा माइक ओढून घेतला आणि साहेबांचं टाळ्यांच्या गजरात स्वागत करायला सांगितलं. पोरांना घाईघाईने खाली उतरवलं, कारण तिथे सोफा मांडायचा होता. मग शाल, श्रीफळ, गुच्छ. साहेबांनंतर त्यांच्याबरोबर आलेल्या एकेकाला शाल, श्रीफळ, गुच्छ. प्रत्येकाचा फोटो. साहेब सभामंडपावर बोलले, पेव्हर ब्लॉकवर बोलले, पुढच्या निवडणुकीवर बोलले. येशूचं नाव त्यांनी घेतलं नाही, आणि त्यांनी घ्यावं ही माझी अपेक्षाही नाही. पण साहेब गेल्यावर निम्मी मंडळी त्यांना गाडीपर्यंत सोडायला गेली. नाटिका पुन्हा सुरू झालीच नाही. पाळकांनी वेळ संपत आल्याचं सांगून संदेश आटोपता घेतला, आशीर्वाद दिला, केक कापला. देवदूताची वाक्यं त्या पोराने महिनाभर पाठ केली होती. मेंढपाळांना मिळालेली सुवार्ता सांगायला त्या दिवशी त्या चर्चमध्ये वेळ नव्हता.

ज्यांनी हा कार्यक्रम आखला त्यांनी लूकचा दुसरा अध्याय शेवटचा कधी वाचला? तिथे राज्यकर्ता आहे. औगुस्त कैसराने नावनिशी करण्याचा हुकूम काढला, म्हणून दिवस भरलेल्या बाईला गाव सोडून बेथलेहेमपर्यंत जावं लागलं, आणि उतरायला जागा न मिळाल्याने बाळाला गव्हाणीत ठेवावं लागलं. मत्तयातही राज्यकर्ता आहे. हेरोदाला बातमी कळली तेव्हा त्याने बेथलेहेमातली दोन वर्षांखालची पोरं मारून टाकली, आणि योसेफ बायको-मुलाला घेऊन रातोरात मिसर देशात पळाला. बाळ पोटात असताना मरीयेने जे स्तोत्र गायलं, त्यात गर्विष्ठांची दाणादाण आहे, अधिपती आसनांवरून खाली येतात, भुकेल्यांची पोटं भरतात आणि धनवान रिकाम्या हातांनी परत जातात. या तिन्ही ठिकाणी सत्तेला जी जागा दिली आहे ती पाहा, आणि आपण तिला जो सोफा दिला आहे तो पाहा. हे स्तोत्र वाचणाऱ्या मंडळीने वेदीसमोर धनवानाला शाल पांघरायची, तर वाचलेलं तिला समजलं नाही किंवा समजूनही तिने दडपलं, एवढाच अर्थ निघतो.

मला लगेच उत्तर मिळतं: आपण मूठभर आहोत, साहेबांची गरज पडते. दफनभूमीच्या जागेचं काम अडतं, कुंपण अडतं, कुणी धर्मांतराचा आळ घेऊन दारात आलं तर पोलीस ठाण्यात फोन करायला माणूस लागतो. ही भीती खोटी नाही. मीही याच गावात राहतो. पण दफनभूमी हा नागरिकाचा हक्क आहे. त्यासाठी अर्ज लिहा, सह्या घ्या, नगरपरिषदेत जा, तहसील कचेरीत जा, साहेबांच्या कार्यालयात जाऊन ठणकावून मागा. वर्षाचे बाकीचे सगळे दिवस त्यासाठी मोकळे आहेत. मेलेल्याला पुरायला जागा मिळावी म्हणून उपासना गहाण टाकायची, हा सौदा मला मान्य नाही. आणि या सौद्यात आजवर काय मिळालं, तेही कमिटीने एकदा मंडळीसमोर हिशेबासह मांडावं. शाली दिल्या ते सगळ्यांनी पाहिलं, जागा मिळाली का ते सांगा.

साहेबांनी उपासनेला येऊ नये असं मी म्हणत नाही. यावं, सगळ्यांबरोबर सतरंजीवर बसावं, वचन ऐकावं, जाताना करंजी खाऊन जावं. चर्चचं दार प्रत्येकाला उघडं आहे. व्यासपीठ मात्र वचनाचं आहे.

आता ज्यांना खरोखर बोलवायला हवं होतं त्यांच्याकडे वळतो. डिसेंबरात सिन्नर तालुक्यात फिरा. पिकं निघालेल्या वावरांत मेंढ्या बसवलेल्या दिसतील. शेतकरी खतासाठी कळप बसवून घेतो, आणि धनगराचं कुटुंब थंडीत उघड्यावर रात्र काढतं: जाळीचा वाडा, बाहेर घोडं बांधलेलं, कुत्री जागी, एक बाई तीन दगडांच्या चुलीवर भाकरी थापते आहे आणि लेकरू घोंगडीत झोपलं आहे. रात्री रानात राहून कळप राखणारी माणसं, असं लूक लिहितो. ती माणसं आपल्या शिवारात आहेत, नाताळच्या त्याच रात्री आहेत, आणि आपण पोरांच्या डोक्याला गमछे बांधून त्यांची नाटकं करतो. वावी, पाथरे ओलांडून कोपरगावच्या बाजूला गेलात तर ऊसतोड्यांच्या कोप्या दिसतील. पाचटाच्या आणि ताडपत्रीच्या त्या कोपीत, बैलांच्या शेजारी, बाया बाळंत होतात. पाच-सहा दिवसांत पुन्हा मोळ्या उचलायला लागणाऱ्या बाया त्यांच्यात आहेत. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांची गर्भाशयं काढून टाकण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ साली विधिमंडळापर्यंत गेला होता. दिवस भरलेली बाई, मुक्काम परका, छप्पर नाही, शेजारी जनावरं. ही गोष्ट आपल्याला तोंडपाठ आहे, आणि कोपीसमोरून आपली गाडी सरळ पुढे जाते.

चर्चच्या आवारात मात्र गव्हाणी सजवण्याची स्पर्धा असते. कापसाचा बर्फ, चमकणाऱ्या माळा, कारंजं, पहिलं बक्षीस, दुसरं बक्षीस. इटलीतल्या ग्रेच्चो गावी १२२३ साली संत फ्रान्सिसने गव्हाणीचा देखावा केला तेव्हा खरं गवत, खरा बैल आणि खरं गाढव आणलं होतं. देवाने केवढी गरिबी पत्करली ते लोकांना डोळ्यांनी दिसावं, हा त्याचा हेतू होता. आपल्या देखाव्यात गरिबी सोडून सगळं आहे.

आपण गरिबी विसरावी हे मला सगळ्यात जास्त टोचतं, कारण आपला इतिहास तिथूनच सुरू होतो. नगर-नाशिक भागातल्या आपल्यातल्या बहुतेकांचे पूर्वज गावकुसाबाहेरचे. ज्यांना पाणवठ्यावर येऊ देत नव्हते, त्यांना कुणीतरी सांगितलं की देव स्वतः गावात जागा न मिळाल्यामुळे गोठ्यात जन्मला. ते ऐकून ते उठून उभे राहिले. २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला डॉ. आंबेडकरांच्या उपस्थितीत मनुस्मृती जाळली गेली, ती तारीख आपल्या चर्चमध्ये कुणी उच्चारत नाही. माझ्या मते प्रत्येक मराठी पाळकाने नाताळच्या संदेशात ती उच्चारावी. माणसाला जन्मावरून हलकं ठरवणाऱ्या व्यवस्थेला गव्हाणीतलं बाळ हे देवाचं उत्तर आहे, असं आपण मानतो ना?

नाशिकचं शरणपूर इथून तासाभराच्या अंतरावर आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला चर्च मिशनरी सोसायटीने ती वस्ती वसवली. बहिष्कृत झालेले ख्रिस्ती तिथे राहिले, आणि गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेली आफ्रिकी पोरंही तिथे वाढली, शिकली. त्यांच्यातलाच जेकब वेनराइट. १८७३ साली आफ्रिकेच्या आतल्या भागात डेव्हिड लिव्हिंग्स्टन मरण पावला, तेव्हा त्याच्या अंत्यविधीची प्रार्थना वाचणारा तो होता. पुढच्या वर्षी लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीत शवपेटीला खांदा देणाऱ्यांतही तो होता. नाशिकच्या मातीत वाढलेला, गुलामगिरीतून सुटलेला मुलगा. आपल्या संडे स्कूलच्या किती पोरांना हे नाव ठाऊक आहे? सांताक्लॉजचं नाव मात्र बालवाडीपासून ठाऊक असतं.

सांताचं मी थोडक्यात उरकतो. मायराचा बिशप निकोलस चौथ्या शतकातला, त्याचा सण ६ डिसेंबरला, आणि आज दिसणारं लाल डगल्यातलं गुबगुबीत रूप घरोघरी पोचवण्यात १९३१ पासूनच्या कोकाकोलाच्या जाहिरातींचा मोठा हात आहे. शाळेने पोरांना लाल टोप्या घालून नाचवलं तर मी शाळेला बोल लावत नाही. ज्या ख्रिस्ती घरात टोपी विकत आणली जाते आणि गव्हाणीची गोष्ट सांगायला रात्री कुणाला वेळ होत नाही, त्या घरातल्या आईबापांना मी बोल लावतो.

गाण्यांचंही तेच. 'जिंगल बेल्स' या गाण्यात येशू नाही, नाताळ हा शब्दसुद्धा नाही. बर्फावरून घसरणाऱ्या गाडीचं ते गाणं आहे. ते आपण सिन्नरच्या पटांगणात, हरभरा घाट्यावर आलेला असताना, डीजेच्या भिंती लावून वाजवतो. आणि आपल्याकडे काय होतं? फादर स्टीफन्सने १६१६ साली मराठी ओव्यांत ख्रिस्तपुराण छापलं. एकोणिसाव्या शतकात नगरच्या मंडळीत ख्रिस्ती कीर्तनं उभी राहिली. नारायण वामन टिळकांनी अभंग लिहिले, भजन आणि कीर्तन चर्चमध्ये हक्काने आणलं, ख्रिस्तायन लिहायला घेतलं. ते अपुरं राहिलं तेव्हा लक्ष्मीबाईंनी पूर्ण केलं. लक्ष्मीबाई आपल्या नाशिकजवळच्या जलालपूरच्या. वडिलांच्या कडक सोवळ्यात वाढलेल्या त्या बाईने पुढे जातिभेद मनातून उपटून टाकला आणि परक्यांची मुलं आपल्या घरात वाढवली. शाळेची पायरी न चढलेल्या त्या बाईची ख्रिस्ताविषयीची समज आजच्या आपल्या पदवीधर कमिट्यांपेक्षा कितीतरी खोल होती. टाळ, मृदंग, पेटी आणि रात्रभर रंगणारी जन्मकथा हा आपला ठेवा. म्हाताऱ्यांबरोबर तो मातीत चालला आहे, आणि वर्गणी डीजेला जाते.

दुसऱ्या टोकाला काही विश्वासी बांधव आहेत. २५ डिसेंबर बायबलात नाही, म्हणून नाताळच पाळू नये, असं ते घरोघर सांगतात. तारीख बायबलात नाही हे खरं आहे. ती चौथ्या शतकातल्या रोमी मंडळीत दिसू लागते. ज्या बोस्टनकडच्या मिशनने नगरला सुवार्ता आणली, त्यांच्याच पूर्वजांनी मॅसॅच्युसेट्समध्ये १६५९ साली नाताळ पाळणाऱ्याला पाच शिलिंग दंड ठेवला होता. १६८१ साली तो कायदा त्यांना मागे घ्यावा लागला. आनंदाला दंड लावून विश्वास वाढत नाही. मला फराळ हवा, दारावर चांदणी हवी, नवे कपडे हवेत, रात्री घरोघर गाणी म्हणत जाणारी पोरं हवीत. देवाने देह धारण केला, याहून मोठं आनंदाचं कारण मला माहीत नाही. ते कारण मात्र मोठ्याने सांगितलं गेलं पाहिजे.

आणि तिथेच आपली दातखीळ बसते. फराळाचं ताट घेऊन आपण शेजारी जातो. शेजारची काकू मनापासून विचारते, तुमच्या या सणाची कथा काय हो? तिला खरंच जाणून घ्यायचं असतं. आपण वेळ मारून नेतो: काही नाही काकू, आपल्या दिवाळीसारखंच. कुणी गैरसमज करून घेईल, कुणी व्हिडिओ काढेल, या धास्तीने आपण स्वतःच्या श्रद्धेचं एक वाक्य बोलत नाही. कुणाला धर्म बदलायला सांगणं वेगळं, आणि विचारल्यावर आपण काय मानतो ते सरळ सांगणं वेगळं. संविधानाच्या २५व्या कलमाने तेवढं स्वातंत्र्य आपल्याला दिलं आहे. अमेरिकेत दुकानदाराने 'मेरी ख्रिसमस' म्हणावं की 'हॅपी हॉलिडेज' यावर भांडणं होतात, २०१५ साली तर कॉफीच्या लाल कपावरून वाद पेटला. ते मेसेज आपल्या ग्रुपवर तावातावाने फिरतात. सिन्नरच्या बाजारपेठेत 'नाताळच्या शुभेच्छा' म्हणायला मला कुणी अडवलेलं नाही. अडतं ते त्यापुढच्या वाक्याशी, आणि ते आपल्याच तोंडात अडतं.

थोड्याच दिवसांत नाताळची पत्रिका छापायला जाईल. तिच्यावर प्रमुख पाहुणे, विशेष उपस्थिती, शुभेच्छुक, सौजन्य, एवढी नावं असतात की वचनाला कोपऱ्यात जागा उरते. कमिटीला माझं लेखी सांगणं आहे: पत्रिकेवर उपासनेची वेळ, वचन आणि पाळकांचं नाव छापा, बाकी काही छापू नका. आगमनकाळाच्या चारही आठवड्यांत घरोघर लूक आणि मत्तय वाचून घ्या. सत्काराच्या शालींऐवजी घोंगड्या घ्या, आणि उपासना सुटल्यावर सगळ्यांनी मिळून मेंढवाड्यांवर आणि कोप्यांवर जा. मुलांची नाटिका कुणासाठीही थांबवू नका. हे जमणार नसेल, तर डीजे, सोफा आणि शालींसाठी माझ्याकडे वर्गणी मागायला येऊ नका. तेवढे पैसे आणि फराळाचे डबे घेऊन मी आणि माझ्या घरचे २५ तारखेला दुपारी कोपरगाव रस्त्याला जाणार आहोत. ज्यांना यायचं असेल त्यांनी उपासना सुटल्यावर फाटकाशी थांबावं.