गाण्याची रास

माणसाच्या मागे जन्मभर लागायला साडेसाती, मंगळ आणि विमा एजंट एवढे पुरेसे नव्हते म्हणून की काय, आता जन्मगाणे निघाले आहे. आपण आपले जन्मसाल सांगायचे, समोरच्याने मोबाईलवर बोट फिरवायचे आणि त्या साली कोणते गाणे पहिल्या नंबरावर होते ते जाहीर करायचे. मग जमलेल्या मंडळींनी एका सुरात 'तरीच!' म्हणायचे. माझा विरोध आहे तो या 'तरीच'ला.

माझे साल १९७५. त्या वर्षी बिनाका गीतमालेत सरताज ठरले ते 'रोटी कपडा और मकान'मधले महागाईचे गाणे. भाच्याने हे शोधून काढल्यापासून घरात कुठलेही बिल आले की ते माझ्या नावाने फुटते. थोरले मेहुणे १९६६चे. त्यांच्या वाट्याला 'सूरज'मधले ते गाणे आले, जे वाजवल्याशिवाय बँडवाल्यांचा पाय मांडवाकडे वळत नाही. तेव्हापासून मेहुणे घरात नवरदेवासारखे वावरतात आणि चहा जागेवर मागतात. आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी १९७२चे. या गृहस्थाने आयुष्यात सुपारीचे खांडसुद्धा तोंडात टाकलेले नाही, आणि त्यांच्या कपाळी काय, तर 'हरे रामा हरे कृष्णा'मधले चिलमीचे गाणे!

थट्टेपुरते असते तर मी सोडून दिले असते. पण हल्ली पन्नाशीच्या समारंभात 'हे तुमच्या जन्माचे गाणे' असे म्हणून ते सत्कारमूर्तीच्या अंगावर लाउडस्पीकरने सोडतात. तेव्हा बोलणे भाग आहे.

पहिला मुद्दा साध्या हिशेबाचा. 'रोटी कपडा और मकान' लागला १९७४ साली. 'डॉन' १९७८चा, त्यातले पानाचे गाणे सरताज झाले १९७९ साली. 'दो रास्ते' १९६९चा, त्याच्या गाण्याने नंबर मारला १९७०मध्ये. म्हणजे मूल यंदाचे आणि गाणे गेल्या सालचे! शिवाय ही यादी अख्ख्या वर्षाची. जानेवारीत जन्मलेल्या पोराला आणि डिसेंबरात जन्मलेल्या पोराला एकच गाणे. ज्योतिषी बरा, तो निदान जन्मवेळ मिनिटासकट विचारतो.

दुसरा मुद्दा, हा नंबर आला कुठून? बिनाका गीतमाला सुरू झाली डिसेंबर १९५२मध्ये, रेडिओ सिलोनवरून. बुधवारी रात्री आठ वाजता अमीन सयानींचा आवाज आला की रस्ते ओस पडायचे, असे जुनी माणसे सांगतात. पण हिंदुस्थानातल्या सिनेमाची गाणी ऐकायला सिलोन कशाला? कारण त्याच वर्षी आपल्या आकाशवाणीने सिनेगीतांना दार बंद केले होते. नभोवाणीमंत्री होते बाळकृष्ण विश्वनाथ केसकर, म्हणजे आपलेच मराठी गृहस्थ. त्यांना देशाचे कान शास्त्रीय संगीतावर वळवायचे होते. देशाने कान वळवले, पण ते लंकेकडे. रामायणात लंकेतून सीता परत आणायला सेतू बांधावा लागला. इथे ते काम एका टूथपेस्टने भागवले. पुढे १९५७ साली विविध भारती काढून सरकारनेही माघार घेतली.

आणि पायदान ठरायचे कशावर? रेकॉर्डच्या विक्रीवर आणि श्रोत्यांच्या कौलावर. म्हणजे ज्याच्याकडे ग्रामोफोन होता किंवा पत्र पाठवण्याची हौस होती, त्याचे मत. जात्यावर बसणाऱ्या बाईला मत नव्हते. तिच्या घरात दळण होते, रेडिओ नव्हता.

आता मुख्य मुद्दा. १९५५चे सरताज गीत कोणते, तर 'श्री ४२०'मधले जपानी जोड्याचे. ठीक आहे. पण त्याच वर्षी १ एप्रिलला, रामनवमीच्या दिवशी, पुणे आकाशवाणीवर गीतरामायण सुरू झाले. शब्द माडगूळकरांचे, चाली सुधीर फडक्यांच्या, आठवड्याला एक अशी छप्पन्न गाणी. लोक आंघोळी करून रेडिओपुढे बसत, रेडिओला हार घालत. त्या वर्षी सदाशिव पेठेत जन्मलेल्या मुलाचे गाणे कोणते? यादी सांगते, जपानी जोड्याचे! कारण यादीत फक्त हिंदी सिनेमा. आणि १९५२च्या आधी जन्मलेल्यांना तर ही यादी विचारतच नाही. जणू ती सगळी पिढी मुक्याने जन्माला आली.

माझे म्हणणे एवढेच, की पहिल्या नंबराचे गाणे सगळ्यांसाठी होते, म्हणजेच खास तुमच्यासाठी नव्हते. तुमच्यासाठी जे होते ते बाराव्या दिवशी पाळण्यापाशी झाले. कुणा आत्याने, मावशीने त्या जुन्या चालीत तुमचे नाव, आजोबांचे नाव आणि गावाचे नाव कसेबसे बसवले. एखादी मात्रा जास्त झाली, ती हेल काढून झाकली. त्याची रेकॉर्ड निघाली नाही. ज्याच्यासाठी म्हटले तो एकुलता एक श्रोता दुसऱ्या कडव्याला झोपला. पण त्या साली त्या गाण्याला त्या घरात दुसरा नंबर देण्याची कुणाची छाती नव्हती.

ते गाणे मोबाईलमध्ये नाही. ते ज्यांच्या डोक्यात आहे त्या आज ऐंशीच्या घरात आहेत, शेजारच्या खोलीत पडून असतात, आणि त्यांना आपण दिवसातून एकदा 'गोळी घेतली का?' एवढेच विचारतो. गीतमालेची यादी कुठे पळून जात नाही. ती उद्याही तिथेच असेल, परवाही असेल. आत्याबाईंची तशी खात्री देता येत नाही. तेव्हा भाचेमंडळींनी आधी तिकडे जावे, गोळीचे विचारून झाल्यावर पाळण्याचेही विचारावे, आणि चाल जमली नाही तरी शब्द तेवढे उतरून घ्यावेत. मग खुशाल मला महागाई म्हणा.