मेंढीच्या गळ्यातली रेशमी फीत

अठराव्या शतकातील फ्रेंच छापचित्रे पाहिली की वाटते, त्या देशात मेंढरे राखण्याइतके सुखाचे दुसरे काम नसावे. फ्रांस्वा बूशे (१७०३–१७७०) याच्या चित्रांवरून कोरलेली छापचित्रेच घ्या. मेंढरे राखणारी पोर झाडाखाली पहुडलेली, पाय उघडे, पण त्यांना ना धूळ ना भेग. शेजारी बासरीवाला तरुण. आणि मेंढीच्या गळ्यात रेशमी फीत! आमच्या घरी आजोबांपासून मेंढरे आहेत. फीत राहू द्या, मेंढराच्या अंगावर गोचीड नसली तरी आम्हाला पुष्कळ.

चित्रात गोचिडी कशाला शोधता, असे रसिक विचारतील. कलेसाठी कला की जीवनासाठी कला, हा फडके-खांडेकरांच्या काळचा वाद उकरण्याची मला हौस नाही. तांब्याच्या पत्र्यावर कोरणीने एकेक रेघ उलटी कोरायची आणि त्यातून पानांची सळसळ उभी करायची, या कसबापुढे मीही मान तुकवितो. माझे म्हणणे चित्राच्या खालच्या समासाविषयी आहे. तिथे डावीकडे चित्रकाराचे नाव असते, उजवीकडे कोरणाऱ्याचे. कित्येक छापचित्रांत मधोमध एखाद्या उमरावाचे कुलचिन्ह आणि त्याला केलेली अर्पणपत्रिकाही असते. वर चित्र सांगते की हे रान, हा ओढा साऱ्यांचा. खाली समास सांगतो की मालक कोण. मेंढरे राखणाऱ्या पोरीला नावच नाही.

त्या रानाचे खरे कायदे काय होते? 'ताय' नावाचा कर शेतकऱ्याने भरायचा, उमरावांना तो बहुतेक ठिकाणी माफ. सरकारी रस्त्यावर वेठ शेतकऱ्यानेच करायची. शिकारीचा हक्क जमीनदाराचा. त्याच्या ढाबळीतली कबुतरे पेरलेला दाणा टिपून नेत, तरी कुळाने त्यांना मारायचे नाही. हे हक्क रद्द करण्याचा निर्णय व्हायला ४ ऑगस्ट १७८९ ची रात्र उजाडावी लागली! बूशेच्या चित्रांतही कबुतरे आहेत. तिथे ती प्रेमाची दूत आहेत.

त्या काळी दुसरे काही सुचणे शक्यच नव्हते, असे कोणी म्हणू नये. इंग्लंडात टॉमस ब्यूइक (१७५३–१८२८) हा खंडाने शेती करणाऱ्याचा मुलगा चौदाव्या वर्षी न्यूकॅसलला कोरीवकाम शिकायला लागला. ब्रिटनमधील पक्ष्यांवरच्या त्याच्या ग्रंथाचा पहिला खंड १७९७ मध्ये निघाला. मजकूर संपून पानावर मोकळी जागा उरली की तिथे तो लाकडी ठोकळ्यावर कोरलेले लहानसे चित्र छापी. कुणी भिकारी, कुणी आंधळा वादक. एका चित्रात बर्फ पडले आहे आणि एक उपाशी मेंढी जुना खराटा चघळते आहे.

आपल्या ग्रंथालयाच्या भिंतीवर बूशे जरूर लावावा. फक्त शेजारी ही मेंढीही लावा. जागा तिला फारशी लागणार नाही.