बीदरचे खोटे पत्र

आपल्या मराठी घरांत बीदरचे नाव येते ते दामाजीपंतांच्या पाठोपाठ. दुष्काळात पंतांनी मंगळवेढ्याची कोठारे भुकेल्यांसाठी मोकळी केली, बादशहाचे बोलावणे आले, आणि पांडुरंग विठू महाराच्या रूपाने बीदरच्या दरबारी गेला. पैसे भरले, पावती घेतली. ही कथा आमच्या पिढीने कीर्तनात किती वेळा ऐकली, त्याची मोजदाद नाही. त्याच बीदरच्या दरबारात आणखी एक कागद गाजला. तो मात्र खोटा होता, आणि त्याचे आख्यान कोणी लावीत नाही.

महमूद गवान इराणातील गिलान प्रांताचा. व्यापारी म्हणून दक्षिणेत आला आणि बहामनी राज्याचा वजीर झाला. देशोदेशीच्या राजांना त्याने लिहिलेली फार्सी पत्रे पुढे नमुना म्हणून अभ्यासली गेली. १४७२ साली त्याने बांधलेल्या मदरशाचा एक मनोरा आणि रंगीत फरशांचा थोडा भाग अजून शाबूत आहे. पण दरबारात दखनी आणि परदेशी असे दोन तट होते, आणि वजीर परदेशी. विरोधकांनी त्याचा शिक्का सांभाळणाऱ्या नोकराला फितवून कोऱ्या कागदावर शिक्का उठवून घेतला, आणि वर मजकूर लिहिला तो ओरिसाच्या राजाला स्वारीचे निमंत्रण देणारा. शिक्का माझा, अक्षर माझे नव्हे, असे वजिराने सांगितल्याचे इतिहासकार लिहितात. मद्याच्या अमलाखालील सुलतानास तेवढा विवेक कुठला? ५ एप्रिल १४८१ रोजी सत्तरी उलटलेल्या त्या माणसाचा शिरच्छेद झाला. पुढच्या वर्षी सुलतानही गेला, आणि मग राज्याची शकले व्हायला फार काळ लागला नाही.

ही हकीकत मला आठवली ती भालकीच्या एका लग्नात. १९५६ साली बीदर-कलबुर्गीकडचा मुलूख म्हैसूर राज्यात गेला, तरी आम्हा हैदराबादकरांची सोयरीक तिकडून तुटली नाही. जेवणे आटोपून मंडळी पान लावीत बसली होती. आमचे एक वडीलधारे काका मोबाइलवर आलेला मजकूर मोठ्याने वाचून दाखवू लागले. जगातल्या पेढ्या, वर्तमानपत्रे, लढाया, सारे काही मूठभर ज्यूंच्या हाती आहे, असा त्याचा आशय. वाचून झाल्यावर त्यांनी स्वतःची पुस्ती जोडली, "हिटलरने बरोबर ओळखले होते!" चार शिकल्यासवरल्या माणसांनी माना डोलावल्या. मी डोलावली नाही. पण तोंडही उघडले नाही. काकांनी उभ्या जन्मात एकही ज्यू पाहिला नसावा.

तो मजकूर नवा नव्हताच. १९०३ साली रशियात छापलेल्या एका बनावट दस्तऐवजाचा तो पणतू. ज्यू वडीलधाऱ्यांच्या गुप्त बैठकीची इतिवृत्ते म्हणून तो जगभर फिरला. १९२१ साली लंडनच्या 'टाइम्स'चा कॉन्स्टँटिनोपल येथील बातमीदार फिलिप ग्रेव्हज याने दोन पुस्तके शेजारी ठेवून दाखवून दिले की, यातील कितीतरी मजकूर १८६४ च्या एका फ्रेंच पुस्तकावरून उचललेला आहे. आणि त्या मूळ पुस्तकाचा रोख ज्यूंवर नव्हे, तिसऱ्या नेपोलियनवर होता. चोरी उघडी पडली. कागद मात्र मेला नाही.

असल्या कागदांशी झुंजण्यात जिचे आयुष्य गेले, त्या डेबोरा लिपस्टाट या विदुषीची हकीकत मी घरी परतल्यावर पुन्हा काढून वाचली. १९४७ साली न्यूयॉर्कमध्ये जन्म, व्यवसाय अध्यापनाचा. नाझींनी साठ लाख ज्यू मारलेच नाहीत असे म्हणणाऱ्यांवर त्यांनी १९९३ साली ग्रंथ लिहिला. त्यात ज्याचे नाव आले त्या डेव्हिड अर्व्हिंग या इंग्रज लेखकाने १९९६ साली लंडनमध्ये त्यांच्यावर बदनामीचा दावा लावला. इंग्रजी कायद्यात अशा वेळी लिहिणाऱ्यालाच आपले लिहिणे खरे असल्याचे सिद्ध करावे लागते. दावा तडजोडीने मिटवता आला असता. बाईंनी मिटवला नाही. त्यांच्या बाजूने रिचर्ड इव्हान्स हे इतिहासकार आपले साहाय्यक घेऊन अर्व्हिंगच्या पुस्तकांतील तळटीपांच्या मागे लागले. एकेक टीप धरायची, मूळ जर्मन कागद काढायचा, आणि त्यात काय आहे व पुस्तकात काय उतरले ते ताडून पाहायचे. चुका साऱ्या एकाच दिशेने झुकलेल्या निघाल्या. ११ एप्रिल २००० रोजी न्यायमूर्ती ग्रे यांनी दावा फेटाळला. या खटल्यात बाई स्वतः साक्षीला उभ्याही राहिल्या नाहीत. बोलले ते कागद. बीदरला असा एक इव्हान्स मिळता तर!

पुढे त्या मुत्सद्दी झाल्या. ज्यूद्वेषावर लक्ष ठेवण्यासाठी अमेरिकेने २००४ च्या कायद्याने परराष्ट्र खात्यात एक कचेरी उघडली होती, आणि २०२१ साली तेथील विशेष दूतास राजदूताचा दर्जा दिला. त्याच वर्षी लिपस्टाट यांचे नाव सुचवले गेले. एका सिनेटरवर त्यांनी पूर्वी केलेल्या टीकेमुळे ते काही महिने अडले आणि मार्च २०२२ मध्ये मंजूर झाले. पहिला परदेशदौरा त्यांनी सौदी अरेबियापासून सुरू केला, हे मला विशेष वाटते. जुलै २०२४ मध्ये ब्युनोस आयरिस येथे तिसाहून अधिक देशांनी ज्यूद्वेषाविरुद्धची मार्गदर्शक तत्त्वे मान्य केली, त्यामागे त्यांचे श्रम होते. स्थळ मुद्दाम निवडलेले. तेथील ज्यू संस्थेच्या इमारतीत १८ जुलै १९९४ रोजी स्फोट होऊन ८५ माणसे मेली होती. जानेवारी २०२५ मध्ये त्या पदावरून उतरल्या.

एका सरकारचा दूत आपल्या सरकारच्या सोयी-गैरसोयींबाहेर फार जाऊ शकत नाही, हे उघड आहे. ऑक्टोबर २०२३ नंतरच्या गाझातील युद्धात तर हे काम अधिकच अवघड झाले. इस्रायलच्या धोरणावरील टीका म्हणजे ज्यूद्वेष नव्हे, असे बाईंनी स्वतः सांगितले आहे. ती रेघ सर्वांनी पाळली असे मात्र म्हणवत नाही. त्यांच्या कामात मला मोलाचे वाटते ते राजदूतपद नव्हे, तळटीप तपासण्याची सवय.

आपला यात काय संबंध, असे कोणी म्हणेल. कोकणातले बेने इस्रायल मराठीच बोलत. तेल गाळीत आणि शनिवारी घाणा बंद ठेवीत, म्हणून शेजारी त्यांना शनवार तेली म्हणत. रोहेकर, पेणकर, किहीमकर ही त्यांची आडनावे. त्यांनी मराठीतून कीर्तने केली. शेजाऱ्यांनी त्यांना छळले नाही, ही आपली खरी मिळकत. इस्रायलात गेल्यावर मात्र १९६२ साली, विवाह लावण्याआधी पूर्वजांची चौकशी करावी असा धर्मपीठाचा आदेश निघाला. म्हणजे ज्यूंच्याच देशात त्यांच्याकडे कुळाचा पुरावा मागितला गेला! ते चिडून रस्त्यावर उतरले, आणि १९६४ साली तेथील संसदेने त्यांच्या बाजूने ठराव केला.

पण आपल्या मिळकतीला वाळवी लागली आहे. नोव्हेंबर २००८ मध्ये मुंबईच्या नरिमन हाउसमध्ये माणसे मारली गेली, ती ज्यूंचे घर म्हणून नेमके हेरून. मारेकरी बाहेरून आले होते, हे खरे. परंतु हिटलरच्या आत्मचरित्राचा मराठी अनुवाद रस्त्याकडेच्या पुस्तकविक्याकडे थोरांच्या चरित्रांना खेटून मांडलेला मी पाहिला आहे. तो मांडायला कोणी बाहेरून आले नव्हते. "शिस्त शिकावी तर त्याच्याकडून," हे वाक्य मी आपल्याच दिवाणखान्यांत ऐकले आहे, आणि पुढचा चहा निमूट घेतला आहे.

या दिवाळीत काका हैदराबादेस आमच्याकडे उतरले होते. फराळाच्या वेळी पुन्हा मोबाइल निघाला, मजकूर त्याच जातीचा. या खेपेस मी विचारले, "काका, हे लिहिलेय कोणी?" त्यांनी चष्मा पुसला, मजकूर वर सरकवला, खाली सरकवला. "नाव दिसत नाही रे," म्हणाले. मग मोबाइल माझ्याकडे सरकवून म्हणाले, "तूच शोध बघू." मी अजून शोधतो आहे, त्यांचा दोनदा फोन येऊन गेला.