रक्त देतो, डॉक्टर का मागत नाही?

भाचा मोटारसायकलवरून पडला, वरचा जबडा मोडला. नाकातोंडातून रक्त थांबेना. तालुक्याला श्वासासाठी नळी घातली, नाकात बोळे भरले आणि ‘शहरात न्या’ म्हणाले. तिथे जांघेतल्या धमनीतून बारीक नळी चेहऱ्यातल्या फुटलेल्या धमनीपर्यंत नेऊन ती आतून बंद केली. चेहऱ्यावर चीरसुद्धा नाही! यात चूक झाली तर दृष्टी जाते, पक्षाघातही होऊ शकतो. म्हणून हे खास शिकलेलाच डॉक्टर हवा. आमच्या जिल्ह्यात हृदयाच्या अँजिओग्राफीचे मशीन आहे, असा डॉक्टर नाही. ईद-ए-मिलादला आपण रक्तदान शिबिरे भरवतो, चांगलेच आहे. पण बाटल्या चढवत राहायच्या आणि गळती बंद करणारा मागायचाच नाही? पुढच्या निवेदनात कब्रस्तानाच्या भिंतीआधी ही मागणी लिहा.